मधली रेषा

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या शाळांमध्ये १९७९ पर्यंत मुलींचा बास्केटबॉल मुलांच्या बास्केटबॉलपेक्षा वेगळा असे. मुलांच्या संघात पाच खेळाडू, मुलींच्या संघात सहा. सहापैकी तिघी फॉरवर्ड, तिघी गार्ड. मैदानाच्या मधोमध एक रेषा, आणि ती कोणीच ओलांडायची नाही. फॉरवर्ड मुलींनी पलीकडच्या अर्ध्यात राहून बास्केट करायचे, गार्ड मुलींनी अलीकडच्या अर्ध्यात राहून समोरच्यांना ते करू द्यायचे नाही. गार्डच्या हाती चेंडू आला तर तिने तो रेषेपर्यंत न्यायचा, पलीकडच्या मैत्रिणीला द्यायचा आणि मग तिथेच उभे राहून पुढे काय होते ते पाहायचे. शाळेची सगळी वर्षे संघात काढलेली गार्ड मुलगी सामन्यात एकदाही बास्केटकडे चेंडू न फेकता शाळा सोडू शकत असे. हे सारे मुलींच्या भल्यासाठी होते, असे मानले जाई. पूर्ण मैदान धावणे त्यांना झेपायचे नाही, ही त्यामागची समजूत.

ही समजूत टेनेसीत जन्मलेली नव्हती. ती खेळाइतकीच जुनी होती. डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला हा खेळ शोधला आणि काही महिन्यांतच जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला. शिकवताना नियम बदलले. मैदानाचे तीन भाग केले, प्रत्येकीला तिचा भाग नेमून दिला, दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावण्यास बंदी केली. बेरेन्सनबाईंना आज नावे ठेवणे सोपे आहे, पण ते योग्य होणार नाही. धावण्याने बायकांची प्रकृती ढासळते असे डॉक्टरच सांगत होते त्या काळात नियमांची ही सवलत घेतली नसती, तर मुलींच्या हाती चेंडू पडलाच नसता. सवलत ही तेव्हा किल्ली होती. अडचण एवढीच, की दार उघडल्यावर किल्ली खिशात टाकायची असते. इथे ती कुलपातच राहिली आणि पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत दारासकट तिचीही पूजा झाली. तीन भागांचे दोन झाले, पण रेषा काही पुसली गेली नाही.

पॅट समिट यांची कारकीर्द या रेषेच्या संदर्भात वाचावी, असे मला वाटते. एरवी ती दोन पद्धतींनी सांगितली जाते. पहिली आकड्यांची: टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या त्या ३८ हंगाम मुख्य प्रशिक्षक होत्या, १०९८ सामने जिंकले, २०८ हरले, आठ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, एकही हंगाम असा गेला नाही की विजयांपेक्षा पराभव जास्त झाले. दुसरी पद्धत त्यांच्या नजरेची. निळ्या डोळ्यांची ती थंडगार रोखलेली नजर, तिच्यासमोर गर्भगळीत होणाऱ्या खेळाडू, मग त्यांचे सोने होणे. आपल्याकडच्या वाचकाला ही दुसरी गोष्ट लगेच ओळखीची वाटते, कारण गुरूच्या धाकाचे आणि कृपेचे आपले भांडार मोठे आहे. पण धाक काय, कित्येक सामान्य प्रशिक्षकांनाही येतो. समिट यांच्या कामातला खरा मुद्दा वेगळा आहे. मुलींच्या खेळाला लागलेली सवलतीची सवय त्यांनी मोडली. बायकांच्या हक्कांची चळवळ संस्थांकडे काही मागत होती आणि ते आवश्यकच होते. समिट यांनी त्याच काळात मुलींकडे काही मागितले. माणसाकडून पूर्ण अपेक्षा ठेवणे हाही समतेचा भाग आहे, आणि कायद्याने तो देता येत नाही.

कायद्याचे काम किती आणि कुठे थांबते हे पाहण्यासाठी १९७४ साल सोयीचे आहे. त्याच्या दोन वर्षे आधी, जून १९७२ मध्ये, ‘टायटल नाइन’ नावाने ओळखले जाणारे कलम अमेरिकेत संमत झाले. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही, असे सांगणारे ३७ शब्दांचे एक वाक्य. त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. खेळांना ते कसे लावायचे याचे नियम निघायला १९७५ उजाडले आणि विद्यापीठांना ते अमलात आणायला आणखी मुदत मिळाली. म्हणजे बावीस वर्षांच्या पॅट हेड (समिट हे आडनाव लग्नानंतरचे, १९८० मधले) टेनेसीच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या तेव्हा कायदा होता, पण तो कागदावर. त्यांच्या आधीच्या बाई अचानक पद सोडून गेल्या म्हणून साहाय्यक म्हणून आलेल्या या मुलीच्या गळ्यात ते पडले. पगार महिना २५० डॉलर. संघाची व्हॅन त्याच चालवत, गणवेश त्याच धूत, आणि ते गणवेश विकत घ्यायला पैसे हवे म्हणून डोनट विकले गेले. त्यांच्या काही खेळाडू त्यांच्यापेक्षा जेमतेम वर्षभराने लहान होत्या. डिसेंबर १९७४ मध्ये त्यांचा पहिला सामना झाला, आणि मर्सर विद्यापीठाने तो ८४-८३ असा जिंकला.

त्यांच्या स्वतःच्या वाटचालीतही ही अपुरी चौकट दिसते. टेनेसीतल्या शेतकरी घरात तीन थोरल्या भावांच्या पाठीवर त्या वाढल्या; गवताच्या माळ्यावर भावांबरोबर बास्केटबॉल खेळल्या. गावच्या शाळेत मुलींचा संघ नाही म्हणून वडिलांनी सारे बिऱ्हाड शेजारच्या परगण्यात हलवले. मुलीच्या खेळासाठी शेतकऱ्याने घर बदलावे हे त्या काळात तिथेही नवलाचेच. पण पुढे कॉलेजात भावाला खेळाची शिष्यवृत्ती मिळाली आणि हिला नाही, कारण मुलींसाठी तशी शिष्यवृत्तीच नव्हती. वडील घर हलवू शकत होते, विद्यापीठाचा खर्चाचा कागद नाही. म्हणून कायदा लागतो. मी कायद्याला कमी लेखत नाही. त्याच्याविना समिट यांची कारकीर्द डोनट विकण्यापाशी संपली असती. माझे म्हणणे एवढेच, की कायद्याने पैसा आला, शिष्यवृत्त्या आल्या, व्यायामशाळा आली, पण मुलींनी किती धावायचे हे कायद्यात लिहिलेले नव्हते.

ते समिट यांनी ठरवले, आणि कसे ठरवले याचे सर्वांत बोलके उदाहरण त्यांच्या सरावात आहे. सुरुवातीच्या वर्षांपासूनच त्यांनी विद्यापीठातले मुलगे सरावाला बोलावले. हे पुरुष संघाचे खेळाडू नव्हते. शाळेत बऱ्यापैकी खेळलेले, आता इतर विषय शिकणारे साधे विद्यार्थी. पुढच्या सामन्यातला प्रतिस्पर्धी संघ जसा खेळतो तसे त्यांनी खेळायचे. समोरची सेंटर सहा फूट चार इंचांची असेल तर तेवढाच एक मुलगा बास्केटखाली उभा. तो धक्का देणार, उडी मारून रिबाउंड काढणार, आणि मुलींनी त्याला हटवायचे. रेषेच्या काळात कोणी ही कल्पना मांडली असती तर त्याला वेड्यात काढले असते. पुढे ही पद्धत देशभर इतकी रुळली की तिच्यात काही धाडस होते हेच लोक विसरले.

गंमत अशी की या पद्धतीवर सर्वांत गंभीर आक्षेप स्त्रियांच्या बाजूनेच आला. कॉलेज क्रीडास्पर्धा चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या महिला क्रीडा समितीने २००६ मध्ये मुलग्यांना सरावात घेणे बंद करावे, अशी भूमिका घेतली. युक्तिवाद साधा होता: पहिल्या पाच-सहा जणी मुलग्यांशी खेळतात तेव्हा संघातल्या उरलेल्या मुली बाजूला उभ्या राहून पाहतात. ज्यांना शिकायला कॉलेजने घेतले त्यांचाच सराव मुलगे खातात. समिट आणि त्यांच्यासारखे बहुतेक मोठे प्रशिक्षक बंदीच्या विरोधात होते, आणि वरच्या श्रेणीत बंदी आलीही नाही. पण समितीच्या म्हणण्यात तथ्य होते असे मला वाटते. बाजूला उभी राहून पाहणारी मुलगी आपण आधी कुठे पाहिली आहे? रेषेपाशी. वरच्या पाच जणींसाठी पुसलेली रेषा तळाच्या तिघींपुढे पुन्हा आखली जाऊ शकते. पूर्ण अपेक्षेचे तत्त्व खरे असेल तर ते दहाव्या-बाराव्या खेळाडूलाही लागू पडायला हवे. समिट यांच्या पद्धतीतली ही फट आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप सहा जणींच्या खेळाच्या बाजूने घेता येतो. आयोवा राज्यात तो १९९३ पर्यंत टिकला आणि तिथे त्याच्यावर लोकांचे अतोनात प्रेम होते. राज्यस्पर्धेसाठी डी मॉइन शहरातले सभागृह भरून जाई, शेतीवाडीच्या लहान गावांतल्या मुली नायिका होत. मुलांच्या सामन्यांपेक्षा मुलींच्या सामन्यांना गर्दी जास्त, असे क्वचितच कुठे घडते ते तिथे घडले. मग ज्याने मुलींना एवढा मान दिला त्याला अन्याय का म्हणायचे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण मान आणि संधी यांत फरक असतो. कॉलेजात १९७१ पासून मुली पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ खेळू लागल्या होत्या. टेनेसीतल्या ओक रिजच्या एका शाळकरी गार्ड मुलीने नेमके हेच कोर्टापुढे मांडले: मला बास्केट करूच दिले जात नाही, तर कॉलेज शिष्यवृत्ती कशी देईल? खालच्या कोर्टाने तिची बाजू उचलून धरली, १९७७ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. मुला-मुलींच्या शरीरातला फरक पाहता वेगळे नियम गैर नाहीत, असा त्याचा सूर. कायद्याची मर्यादा यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही. अखेर राज्याच्या शालेय संघटनेनेच १९७९ मध्ये नियम बदलले, कारण तोवर कॉलेजातला खेळ इतका पुढे गेला होता की शाळांना मागे राहणे परवडेना.

शरीराला झेपत नाही हा युक्तिवाद इतर खेळांतही असाच हळूहळू सुटला. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली, धावपटू कोसळल्याच्या अतिरंजित बातम्या छापल्या गेल्या, आणि ती शर्यत १९६० पर्यंत पुन्हा ठेवली गेली नाही. महिला बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आला १९७६ ला, माँट्रिआलमध्ये. अमेरिकेच्या रौप्यपदक विजेत्या संघाच्या कर्णधारपदात पॅट हेड यांचा वाटा होता. दोनच वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि दिवसा शिकवून, संध्याकाळी संघाला सराव देऊन उरलेल्या वेळात त्या स्वतः तयारी करत होत्या. बायकांची मॅरेथॉन तर थेट १९८४ ला, लॉस एंजेलिसमध्ये. त्याच स्पर्धेत समिट प्रशिक्षक असलेल्या संघाने सुवर्णपदक जिंकले. सोव्हिएत संघ त्या वेळी बहिष्कारामुळे आला नव्हता, हेही नोंदवायला हवे.

आता सर्वांत अवघड आक्षेप, धाकाचा. समिट यांच्या कठोरपणाच्या गोष्टी त्यांचे चाहते कौतुकाने सांगतात, आणि त्यातल्या काही आज ऐकताना कौतुक वाटत नाही. सामन्याच्या आदल्या रात्री मुली मौजमजा करत बसल्या हे कळल्यावर त्यांनी मैदानाच्या चार कोपऱ्यांत कचऱ्याचे डबे ठेवले आणि ओकारी येईपर्यंत त्यांना पळवले. एका सामन्यात त्यांनी मिशेल मार्सिनिअक या खेळाडूचा गणवेश धरून तिला ओढल्याचे, नाकाला नाक लागेल इतक्या जवळून रागावल्याचे छायाचित्र देशभर गाजले. ही मार्सिनिअक पुढे १९९६ च्या अंतिम स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली, म्हणून त्या छायाचित्राला गोड शेवट मिळाला. पण शेवट गोड म्हणून मधले सगळे बरोबर, हा हिशेब मला मान्य नाही. कचऱ्याचे डबे हा अपमान होता, अपेक्षा नव्हे. आणि पुरुष प्रशिक्षक तेच करत होते, हे त्याचे समर्थन होत नाही. समतेच्या नावाखाली पुरुषांच्या खेळातले दोषही जसेच्या तसे उचलले गेले, त्याचा हा नमुना आहे.

तरीही त्यांच्या कठोरपणाचा मोठा भाग यात मोडत नाही, कारण त्याला मैदानाबाहेरही तोच नियम होता. खेळाडूने वर्गात पहिल्या तीन ओळींत बसायचे. विनाकारण तास बुडवला तर पुढच्या सामन्यात खेळायचे नाही, मग ती संघातली पहिल्या नंबरची का असेना. अमेरिकन कॉलेजांच्या पुरुष संघांत खेळाडूच्या शिक्षणाकडे काणाडोळा करणे ही तेव्हा राजरोस चाललेली गोष्ट होती, आणि यशाच्या शिडीवर चढणाऱ्या महिला संघाने तीच वाट धरणे सोयीचे होते. समिट यांनी ती धरली नाही. टेनेसीत खेळण्याची मुदत पूर्ण करणाऱ्या त्यांच्या प्रत्येक खेळाडूने पदवी घेतली. हा शंभर टक्क्यांचा आकडा सांगताना एक पुस्ती जोडायला हवी: मधूनच संघ सोडून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या मुली त्यात मोजलेल्या नाहीत. पण पुस्ती जोडूनही आकडा लहान होत नाही.

पैशाचा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. समिट यांची महत्ता ही टेनेसीची महत्ताही होती. १९७२ ते १९७४ सलग तीन वर्षे पेनसिल्व्हेनियातले इमॅक्युलाटा हे लहानसे कॅथलिक कॉलेज राष्ट्रीय विजेते होते. प्रशिक्षक कॅथी रश, आणि गॅलरीत बादल्या बडवून आवाज करणाऱ्या नन. टायटल नाइनमुळे मोठी विद्यापीठे पैसा ओतू लागली तशी ही छोटी कॉलेजे मागे पडली. व्हिव्हियन स्ट्रिंगर या कृष्णवर्णीय प्रशिक्षिकेने चेनी स्टेट या मूळ कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या, कायम पैशाची ओढाताण असलेल्या कॉलेजचा संघ १९८२ मध्ये एनसीएएच्या पहिल्यावहिल्या महिला अंतिम सामन्यापर्यंत नेला, आणि पुढे आयोवा व रटगर्स या आणखी दोन विद्यापीठांना अंतिम चार संघांत पोहोचवले. तीन ठिकाणी बांधलेली ती कारकीर्द समिट यांच्या तोडीची आहे. कदाचित त्याहून अवघड. टेनेसीत महिला क्रीडा विभागच स्वतंत्र होता, त्याच्या संचालक स्त्रिया होत्या, पुरुषांच्या फुटबॉलच्या ताटाखालचे मांजर होण्याची वेळ समिट यांच्यावर आली नाही. डिसेंबर १९८७ मध्ये नव्या बंदिस्त मैदानात टेक्साससोबतच्या सामन्याला २४ हजारांवर लोक आले, त्यात या विभागाचा वाटा होता. पण पैसा आणि विभाग असूनही पहिले अजिंक्यपद मिळायला तेरा हंगाम लागले. तोवर सात वेळा संघ अंतिम चारांत जाऊन रिकाम्या हाताने परतला होता. आठव्या खेपेला, १९८७ मध्ये, लुइझियाना टेकला ६७-४४ असे हरवले तेव्हा कुठे ते साधले. एवढा काळ कोणाला देणे, हीसुद्धा संस्थेने केलेली गुंतवणूकच. पुरुष संघाच्या प्रशिक्षकाला बहुधा इतकी वर्षे मिळाली नसती.

यशाची शिखरे थोडक्यात सांगता येतील, कारण ती सर्वत्र छापलेली आहेत. १९९६ ते १९९८ सलग तीन अजिंक्यपदे. त्यांतले मधले मला सर्वांत रोचक वाटते, कारण त्या हंगामात संघ दहा सामने हरला होता. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र ३९ पैकी ३९ जिंकले. शमीक होल्ड्सक्लॉ, तमिका कॅचिंग्ज, सेमिका रँडल यांचा तो संघ प्रतिस्पर्ध्याला चेंडू मधल्या रेषेपलीकडे नेऊ द्यायचा नाही, अशा इराद्याने पूर्ण मैदानभर दाब टाकून खेळे. वीस वर्षांपूर्वी ज्या राज्यात मुलींनी रेषेपाशी थांबायचे असे, तिथे ही चाळीस मिनिटांची न थांबणारी धाव. पुरुष संघाचे प्रशिक्षकपद घ्याल का, अशी विचारणा टेनेसीने त्यांना दोनदा केली, १९९४ मध्ये आणि २००१ मध्ये. त्यांनी ते नाकारले. त्याला बढती का मानायचे, असा त्यांचा उलट सवाल होता. २००६ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरांवर पगार मिळवणाऱ्या महिला बास्केटबॉलच्या त्या पहिल्या प्रशिक्षक ठरल्या.

आणि इथेच एक कडवट भर घालावी लागते. टायटल नाइन आले त्या वर्षी अमेरिकन कॉलेजांतल्या महिला संघांच्या प्रशिक्षकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. चार दशकांनी ते प्रमाण ४० ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान होते. महिना २५० डॉलर आणि व्हॅन चालवायची होती तोवर हे बायकांचे काम होते. त्याला प्रतिष्ठा आणि पैसा आला तसे पुरुषांना ते आवडू लागले. समिट यांचे सर्वांत मोठे प्रतिस्पर्धी, कनेक्टिकटचे जीनो ऑरिएमा, पुरुष आहेत यात त्यांचा काही दोष नाही. ते उत्तम प्रशिक्षक आहेत. पण समिट यांचा अपवाद सोडला तर पुरुषांच्या संघांकडून स्त्रियांना अशी आवतणे क्वचितच आली. दार एकाच बाजूने उघडले. टेनेसीचा स्वतंत्र महिला विभागही अखेर पुरुषांच्या विभागात विलीन झाला, नेमका समिट यांच्या शेवटच्या हंगामाच्या सुमारास.

तो हंगाम २०११-१२ चा. ऑगस्ट २०११ मध्ये, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, आपल्याला अल्झायमर प्रकारचा स्मृतिभ्रंश लवकर जडल्याचे त्यांनी जाहीर केले आणि त्याच वेळी संघ सोडणार नसल्याचेही सांगितले. विद्यापीठाने ते मान्य केले. सामन्यातले डावपेच आणि पत्रकारांशी बोलणे हे बरेचसे त्यांच्या जुन्या खेळाडू आणि दीर्घकाळच्या साहाय्यक हॉली वॉरलिक यांच्याकडे आले. समिट बेंचवर बसत. आयुष्यभर सवलत नाकारणाऱ्या बाईंना अखेर सवलतच मिळाली, असे म्हणणारे होते आणि त्यांना उत्तर देणे सोपे नाही. माझ्या मते फरक आहे, पण तो नाजूक आहे: शाळकरी गार्डला रेषेपाशी थांबवणाऱ्यांनी तिला काही विचारले नव्हते, आणि काय झेपत नाही ते समिट यांनी स्वतः सांगितले होते. संघाच्या मुलींना मात्र त्या वर्षी काहीच माफ नव्हते. त्यांनी २७ सामने जिंकले, ९ गमावले, आणि अंतिम चारांच्या एक पायरी अलीकडे बेलर विद्यापीठाने त्यांना हरवले. एनसीएएच्या काळात, म्हणजे १९८२ पासून, समिट यांच्या हाताखाली चार वर्षे पूर्ण करूनही अंतिम चारांत एकदाही न खेळलेली ती पहिलीच तुकडी. एप्रिल २०१२ मध्ये वॉरलिक मुख्य प्रशिक्षक झाल्या. त्या तुकडीतल्या मुलींनीही पदव्या घेतल्या.